आधी यंत्राला चुकू द्या

सीबीएसईच्या शाळांत नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय २०१९-२० पासून घेता येतो. इतर शाळांतही कुठे विज्ञान मंडळ, कुठे संगणकाचा तास, कुठे सुट्टीतलं शिबिर अशा वाटांनी तो वर्गात येऊन पोचला आहे. शिकवणाऱ्याची अडचण मात्र सगळीकडे सारखीच असते. व्याख्या सांगाव्यात तर मुलं त्या पाठ करतात. चॅटजीपीटी उघडून द्यावं तर तासभर धमाल होते आणि आत काय चाललंय हा प्रश्न तसाच राहतो. फळ्यावर मेंदूतल्या पेशींचं चित्र काढावं तर निम्म्या वर्गाला वाटतं, संगणकात खरोखरच कुणीतरी मेंदू बसवलाय.

यावर एक रीत चांगली चालते. दर तासाला मुलांच्या हातून एखादं छोटं मॉडेल घडवायचं. ते कुठे चुकतं हे त्यांनाच हुडकायला लावायचं. चूक कशामुळे झाली आणि कशाने सुधारली हे दिसल्यावरच त्या गोष्टीचं शास्त्रीय नाव सांगायचं. न्यूरल नेटवर्क स्वतः चुकांमधूनच शिकतं, त्यामुळे त्याची चूक पकडता आली की त्याची रीतही हाती लागते.

पुढची आखणी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. जोडतासिका मिळाली तर सहा बैठकांत ती बसते. गणितात ऋण संख्या, गुणाकार आणि आलेखावर बिंदू मांडणं एवढं येत असलं की पुरे. पहिल्या तीन बैठकांना संगणक लागत नाही.

पानं, पट्टी आणि आलेख कागद

पहिल्या दिवशी मुलांना शाळेच्या आवारातून किंवा घराजवळून आंब्याची आणि जास्वंदीची पानं आणायला सांगा. प्रत्येक गटाकडे दोन्हींची दहा-दहा पानं हवीत. पट्टीने लांबी आणि रुंदी मोजून वहीत तक्ता करायचा.

पाच मिनिटांत पहिला वाद निघतोच: देठ धरायचा की सोडायचा? एका गटाने देठासकट मोजलेलं असतं, दुसऱ्याने सोडून. हा वाद लगेच मिटवू नका. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारीशेजारी लिहा आणि विचारा की हे आकडे एकत्र करता येतील का. डेटा आयता मिळत नसतो, काय मोजायचं आणि कसं हे आधी माणसं ठरवतात, ही गोष्ट मुलांना इथेच कळते. मग सगळ्यांनी मिळून एक नियम ठरवावा आणि पुन्हा मोजावं.

आता प्रत्येक गटाची चार पानं लिफाफ्यात बंद करा. ती शेवटच्या परीक्षेसाठी. उरलेल्या पानांचे बिंदू आलेख कागदावर मांडा: आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर रुंदी. दोन घोळके दिसू लागतील. पट्टी ठेवून त्यांच्यामधून एक रेघ मारायला सांगा. दोन चलांतील रेषीय समीकरणं राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात येतात. त्या समीकरणाचं काहीतरी काम असतं हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. शेवटी लिफाफे उघडा आणि रेघ किती पानांना फसते ते मोजा.

एका न्यूरॉनचा हिशेब

दुसऱ्या बैठकीत रेघ हाताने मारायची नाही, ती हिशेबाने सापडली पाहिजे. नियम असा: लांबीला एका संख्येने गुणायचं, रुंदीला दुसरीने, दोन्ही गुणाकारांची बेरीज करायची. उत्तर शून्यापेक्षा मोठं आलं तर आंबा, नाहीतर जास्वंद. या दोन संख्या म्हणजे भार, आणि हा सगळा हिशेब म्हणजे एक न्यूरॉन. सुरुवातीला ते कसेही घ्या, समजा १ आणि उणे १.

इथे कुणीतरी हात वर करतं, “सर, पानाची रुंदी उणे कशी असेल?” रुंदी उणे नाही. उणे आहे तो तिचा भार. पान जितकं रुंद तितकं ते आंब्याचं असण्याच्या विरोधात जातं, एवढाच त्या उणेचा अर्थ.

आता दोन पानं घ्या. आंबा १८ सेंटिमीटर लांब, ५ रुंद. जास्वंद ९ लांब, ६ रुंद. आंब्याचं उत्तर १८ − ५ = १३, बरोबर. जास्वंदीचं ९ − ६ = ३, म्हणजे तिलाही आंबाच म्हटलं; चूक. चुकलं की दुरुस्ती करायची. जास्वंदीला आंबा म्हटलं असेल तर त्या पानाच्या मापांचा दहावा हिस्सा भारांतून वजा करायचा. आंब्याला जास्वंद म्हटलं असेल तर तो मिळवायचा.

पहिली दुरुस्ती: १ मधून ०.९ वजा, उणे १ मधून ०.६ वजा. नवे भार ०.१ आणि −१.६. आता जास्वंद जमते, पण आंब्याचं उत्तर १.८ − ८ = −६.२ येतं. काल जमलेलं आज बिघडलं!

दुसरी दुरुस्ती: आंब्याच्या मापांचा दहावा हिस्सा मिळवा. भार १.९ आणि −१.१. आंबा सुधारतो, जास्वंद १७.१ − ६.६ = १०.५ वर जाऊन पुन्हा चुकते.

तिसरी दुरुस्ती: भार १.० आणि −१.७. आंबा १८ − ८.५ = ९.५, बरोबर. जास्वंद ९ − १०.२ = −१.२, बरोबर.

आता या भारांचा अर्थ वर्गालाच विचारा. लांबी रुंदीच्या १.७ पटीपेक्षा जास्त असली की आंबा. हा नियम कुणी सांगितला नव्हता, तो तीन चुकांतून निघाला. यानंतरच सांगा की फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली मांडलेला परसेप्ट्रॉन असाच शिकायचा. त्याच्या यंत्राला डोळ्यांच्या जागी ४०० प्रकाशघट होते, वीस ओळी आणि वीस रकाने. आपल्याकडे दोनच मापं आहेत, पण दुरुस्तीची रीत तीच.

तास संपायच्या आत दोन प्रयोग करून घ्या. एक, १० लांब आणि ५.५ रुंद असं जास्वंदीचं पान द्या. उत्तर ०.६५ येतं, म्हणजे पुन्हा चूक. दोन पानांवर पक्का झालेला नियम तिसऱ्यावर ढासळतो. म्हणून जास्त पानं लागतात आणि त्यांच्यावरून पुन्हापुन्हा फिरावं लागतं. दोन, पहिल्या दोन पानांचा हिशेब दहाव्या हिश्शाऐवजी शंभराव्या हिश्शाने करायला सांगा. याही वेळी तीन दुरुस्त्या लागतात, पण आंबा एकदाही बिघडत नाही. पावलं किती मोठी टाकायची याला लर्निंग रेट म्हणतात, हे आता सांगितलं तर ते लक्षात राहतं.

जिन्याचा दिवा

तिसऱ्या बैठकीत एका न्यूरॉनला न जमणारं काम द्या. जिन्यातल्या दिव्याला खाली एक बटण असतं, वर एक. दोन्हींपैकी एकच बटण वर असेल तेव्हा दिवा लागतो; दोन्ही खाली किंवा दोन्ही वर असतील तर विझतो. आलेखावर चार बिंदू मांडा: (०,०) आणि (१,१) विझलेले, (०,१) आणि (१,०) लागलेले. मग एकाच सरळ रेघेने लागलेले आणि विझलेले वेगळे करायला सांगा. मुलं दहा मिनिटं झटतील. झटू द्या. रेघ निघणार नाही.

मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ सालच्या परसेप्ट्रॉनवरच्या पुस्तकात एका थराच्या नेटवर्कच्या अशाच मर्यादा गणिताने दाखवल्या आणि पुढची काही वर्षं या संशोधनाचा जोर ओसरला. मुलं ज्या भिंतीवर डोकं आपटताहेत, तिथे मोठेमोठे अडले होते, हे त्यांना जरूर सांगा.

तोड काढायला तीन मुलांना पुढे बोलवा. दोन बटणांच्या आकड्यांची बेरीज पहिल्या दोघांना ऐकवायची. पहिलीने बेरीज ०.५ पेक्षा जास्त असली तर हात वर करायचा. दुसऱ्याने १.५ पेक्षा जास्त असली तरच. तिसऱ्याने बटणांकडे पाहायचंच नाही. पहिलीचा हात वर असेल तर १ धरायचा, दुसऱ्याचा वर असेल तर त्यातून १ वजा करायचा, आणि उत्तर ०.५ च्या वर असेल तर “दिवा!” म्हणायचं. चारही स्थिती करून पाहा, चारही जमतात. मधले दोघं म्हणजे हिडन लेअर. एकटं कुणीच जिन्याचा दिवा ओळखू शकत नव्हतं, हे मुलं स्वतः उभी राहिल्यामुळे चटकन उमगतं.

आता संगणक

चौथ्या बैठकीत ब्राउझरमध्ये टेन्सरफ्लो प्लेग्राउंड उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. डावीकडे डेटाच्या चित्रांत चौकटीसारखं, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकच रंग असलेलं चित्र दिसेल. तोच आपला जिन्याचा दिवा. आधी सगळे हिडन लेअर काढून चालवा. रंग कितीही वेळ हलले तरी चित्र सुटत नाही. मग एक लेअर घालून त्यात चार न्यूरॉन द्या आणि पाहा. त्यानंतर मुद्दाम ॲक्टिव्हेशन ‘लिनिअर’वर ठेवून चार-पाच लेअर रचायला सांगा. पुन्हा अपयश. सरळ रेघांवर कितीही सरळ रेघा रचल्या तरी हाती सरळ रेघच येते. वाकवणारं काहीतरी मध्ये लागतं.

नेमका कुठला भार बदलायचा, हे नेटवर्कला कसं कळतं? हा प्रश्न मुलांकडून यायला हवा. न आल्यास तुम्ही विचारा. तीन मुलांच्या त्या नेटवर्कमध्ये सहा भार आणि तीन उंबरठे (०.५, १.५ आणि पुन्हा ०.५), मिळून नऊ संख्या आहेत. एकेक संख्या किंचित हलवून चूक वाढली की घटली हे पाहता येईल. मात्र हात वर किंवा खाली असा कडक उंबरठा असेल तर किंचित हलवून काहीच बदलत नाही. म्हणून उंबरठ्याच्या जागी हळूहळू चढणारा वक्र वापरतात. नऊ संख्यांसाठी नऊ वेळा हिशेब परवडेल. पण २८ गुणिले २८ ठिपक्यांचं एका अंकाचं चित्र, मधे १६ न्यूरॉन आणि शेवटी १० उत्तरं एवढ्या लहान नेटवर्कमध्येही किती संख्या होतात, ते मुलांना मोजू द्या: १२,७३०. एकेक हलवत बसलो तर संपायचं नाही. चुकीचा वाटा शेवटच्या थरापासून मागे मागे वाटत जाऊन सगळ्या भारांची दुरुस्ती एकाच फेरीत काढण्याची युक्ती म्हणजे बॅकप्रॉपगेशन. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे ती सर्वत्र पोचली. यातल्या जेफ्री हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड यांच्यासोबत मिळालं. कलनशास्त्र इथे काढू नका. मागे वाटत जाणं एवढी कल्पना या वयाला पुरते.

घ, ध आणि कागदाचा रंग

पाचवी बैठक सगळ्यांत महत्त्वाची, तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. गूगलचं टीचेबल मशीन उघडून दोन वर्ग करा: घ आणि ध. मुलांनी कागदावर जाड पेनाने अक्षरं लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची. अक्षरामागे तीस-चाळीस फोटो पुरतात, कारण या साधनात लाखो चित्रांवर आधीच शिकलेलं नेटवर्क पायाला असतं आणि आपण त्याचा शेवटचा भाग तेवढा शिकवतो.

आता खोडी करा. एका गटाला न सांगता घ साठी पांढरे कागद द्या आणि ध साठी रेघांच्या वहीची पानं. मॉडेल तयार झालं की ते त्याच कागदांवर झकास चालेल. मग रेघांच्या पानावर घ लिहून दाखवा. बहुतेक वेळा ते ठामपणे ध म्हणेल. “बाई, हे तर कागद बघतंय!” असं कुणी ओरडलं की बैठक सार्थकी लागली.

हे केवळ वर्गातले खेळ नाहीत. २०१६ मध्ये मार्को तुलियो रिबेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम असं एक मॉडेल घडवून दाखवलं, जे लांडगा आणि हस्की कुत्रा यांतला फरक मागच्या बर्फावरून ठरवत होतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हे आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, यांना शिकवताना कुणाची पानं घेतली होती आणि कुणाची नव्हती? पक्षपातावर भाषण द्यायची गरज उरत नाही.

याच बैठकीत एक पथ्य घालून द्या: प्रयोगासाठी मुलांचे चेहरे वापरायचे नाहीत. अक्षरं, पानं, नाणी, भांड्यांचे आवाज भरपूर आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. चॅटजीपीटीच्या अटींतही वापरकर्ता किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी हवी, असं आहे. वर्गात तो वापरायचाच असेल तर पडद्यावर शिक्षकाच्या खात्यातून दाखवा.

पुढचा शब्द कोणता?

सहाव्या बैठकीत गप्पा मारणारी यंत्रं घ्या. पाठ्यपुस्तकातला एक उतारा निवडा. प्रत्येक शब्दासाठी एक पाकीट करा आणि उताऱ्यात त्या शब्दानंतर जे जे शब्द आले ते चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाका. ‘आणि’च्या पाकिटात ढीगभर चिठ्ठ्या जमतात, इतरांत एखादीच. आता एका शब्दापासून सुरुवात करून चिठ्ठ्या काढत वाक्य रचा. वाक्य मराठीसारखं वाटतं, अर्थ मात्र गडबडलेला असतो. मग मागचा एक शब्द न पाहता मागचे दोन पाहून पाकिटं करा. वाक्यं एकदम सुधारतात, पण नीट पाहिलं तर उताराच जसाच्या तसा बाहेर पडतोय. पाठांतर म्हणजे शिकणं नव्हे, हे यंत्रालाही लागू आहे. त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात.

मोठी भाषा मॉडेल पुढचा तुकडा वर्तवायचंच काम करतात, पण पाकिटांच्या जागी अब्जावधी भारांचं नेटवर्क असतं आणि संदर्भ दोन शब्दांचा नसून पानंच्या पानं असतो. तुकडा म्हणण्याचं कारणही आपल्या पाकिटांत दिसतं. घरात, घराला, घरासमोरचा ही तिन्ही वेगळी पाकिटं झाली, म्हणून या प्रणाली शब्द फोडून घेतात.

घरचा अभ्यास म्हणून शिक्षकाच्या खात्यातून आपल्या गावच्या जत्रेबद्दल किंवा शाळेच्या स्थापनेबद्दल प्रश्न विचारून उत्तर छापून द्या. मुलांनी ते आजी-आजोबांकडून, ग्रामपंचायतीतून, शाळेच्या दप्तरातून पडताळायचं. प्रत्येक वाक्यापुढे बरोबर, चूक किंवा तपासता आलं नाही अशी खूण करायची. ओघवती भाषा आणि खरी माहिती या दोन गोष्टी वेगळ्या, हे एकदा स्वतः तपासल्यावर मुलं विसरत नाहीत.

संगणक मिळतच नसेल तर

पहिल्या तीन बैठकांना आणि सहाव्या बैठकीतल्या पाकिटांना वीजही लागत नाही. पाचवीऐवजी काड्यापेट्या वापरा. डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी यांतून फुल्ली-गोळा शिकणारं यंत्र केलं होतं. खेळातली प्रत्येक स्थिती म्हणजे एक पेटी, प्रत्येक चाल म्हणजे एका रंगाचा मणी. डाव जिंकला की वापरलेल्या रंगाचे मणी वाढवायचे, हरला की काढून घ्यायचे. शाळेसाठी ३०४ पेट्या फार होतात. मार्टिन गार्डनर यांनी १९६२ मध्ये तीन बाय तीन घरांच्या पटावर तीन-तीन प्याद्यांचा हेक्सापॉन हा खेळ सुचवला. त्याला २४ पेट्या पुरतात. यात न्यूरॉन नाहीत, शिकण्याची ही वेगळी पद्धत आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

गुण कशाला द्यायचे

लेखी परीक्षेत ‘न्यूरल नेटवर्क म्हणजे काय’ विचारलं तर पाठांतरच मिळेल. त्याऐवजी प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाचं मॉडेल द्या आणि ते चुकवायला सांगा. कोणत्या उदाहरणावर चुकलं, का चुकलं असावं आणि कोणता डेटा वाढवला तर सुधारेल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांना गुण द्या. मॉडेल किती टक्के बरोबर आलं याला गुण दिलेत, तर मुलं लिफाफ्यातली पानं गुपचूप शिकवून ठेवतील. मुलंच ती! शिकवताना ‘यंत्राला वाटतं’, ‘यंत्राला कळतं’ असे शब्दप्रयोगही आवरा. ‘उत्तर देतं’, ‘वर्तवतं’ हे पुरेसे आहेत.

वर्गात दोन-तीन मुलं अशी निघतील, ज्यांना याहून पुढे जायचं असतं. त्यांना पायथॉन शिकायला लावा आणि एक नेमकं काम द्या. नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हस्तलिखित देवनागरी अक्षरांचा एक संच खुला केला. त्यात ४६ वर्गांची ९२,००० चित्रं आहेत: ३६ व्यंजनं आणि १० अंक, प्रत्येकी २,००० नमुने. त्यावर शिकवलेलं मॉडेल बहुतेक मराठी व्यंजनं छान ओळखेल. पण त्या यादीत ळ नाही. तुमच्या विद्यार्थ्याने कितीही सुबक ळ काढला तरी मॉडेल तो ४६ पैकी कशात तरी कोंबणार, आणि तेही बऱ्याचदा आत्मविश्वासाने. ही उणीव भरून काढणं शाळेच्या आवाक्यात आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाने चाळीसदा ळ लिहिला की २,००० नमुने होतात. त्यातले ३०० आधीच बाजूला काढून ठेवा, बाकीच्यांवर ४७ वा वर्ग शिकवा, आणि मग त्या ३०० मधले कोणते चुकले याची यादी फलकावर लावा.